ओठ बारीक करून घेण्याआधी

मार्केट यार्ड परिसरातल्या वस्त्यांत आम्ही आरोग्याची माहिती द्यायला बसतो, तेव्हा लग्नाच्या वयाच्या मुली हळूच विचारतात, “ताई, ओठ बारीक करता येतात का?” येतात. पण जाड ओठ हा आजार नाही. म्हणून धोके आधी समजून घ्या.

या शस्त्रक्रियेत जागा बधिर करून ओठाच्या आतली एक पट्टी कापतात आणि टाके घालतात. सूज एक-दोन आठवडे राहते.

काय बिघडू शकते?
१. ओठाला रक्तपुरवठा भरपूर असतो. रक्तस्राव होऊ शकतो, आत रक्त साकळू शकते.
२. जखम पिकते, टाके सुटतात.
३. ओठ बधिर राहतो, व्रण कडक होतो, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत.
४. जास्त कापले गेले तर ओठ नीट मिटत नाहीत. कापलेला भाग परत येत नाही.

मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मिश्री, तंबाखू, विडीमुळे जखम उशिरा भरते.

पार्लरमध्ये हे करून घेऊ नका. डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. तिथे सल्ला घ्या.

दाबून धरूनही रक्त थांबेना, ताप किंवा पू आला, तर लगेच दवाखाना गाठा. श्वास अडकला तर १०८ ला फोन करा.

आणि आई-वडिलांनो, मुलीचे ओठ बघून सोयरीक मोडणाऱ्यांसाठी तिला टेबलावर झोपवू नका.