एकर-गुंठ्यांचा अपूर्णांक व गणकयंत्र

बियाणे, खत व औषध यांचा हिशेब आता पुष्कळ ठिकाणी संगणकावरील अथवा मोबाइलमधील गणकयंत्रावर केला जातो. यंत्राची आकडेमोड बिनचूक असते. परंतु त्यास दिलेला आकडाच चुकीचा असेल, तर उत्तरही चुकीचे येते. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून अपूर्णांक तोंडी हाताळले जात. यंत्रास मात्र पाव ०.२५, अर्धा ०.५० व पाऊण ०.७५ असेच सांगावे लागते.

गुंठ्यांचा दशांश

एका एकरात ४० गुंठे असतात, १०० नव्हेत. म्हणून २ एकर ३० गुंठे म्हणजे २.३० एकर नव्हे. ३० ला ४० ने भागल्यास ०.७५ येतात, क्षेत्र २.७५ एकर, म्हणजे पावणेतीन एकर होते. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलो धरल्यास ८२.५ किलो लागेल. २.३० घेऊन हिशेब केल्यास ६९ किलोच येईल. साडेतेरा किलो बियाणे कमी पडून १८ गुंठे रान पेरणीवाचून राहील आणि वापसा निघून जाईल.

कागदात एकराचे शतांश, म्हणजे डिसमिल, दिले असल्यास ४० ने भागू नये. माप कोणते, हे प्रथम पाहावे.

कळा दाबण्याचा क्रम

२ + ३० ÷ ४० असे एकदम दाबल्यास काही यंत्रे आधी बेरीज करून ०.८ असे उत्तर देतात, तर काही आधी भागाकार करून २.७५ दाखवितात. म्हणून प्रथम ३० ÷ ४० = करावे, नंतर + २ = करावे. या क्रमाने सर्व यंत्रांवर उत्तर एकच येते. उलट हिशेबात दशांश भागास ४० ने गुणावे. ३.६ एकर म्हणजे ३ एकर २४ गुंठे.

हेक्टर व आर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. एका हेक्टरात १०० आर असल्याने येथे दशांश सरळ लिहिता येतो. मात्र शून्य विसरू नये. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, १.५ नव्हे. या एका शून्यापायी ४५ आरांचा, म्हणजे एकराहून अधिक क्षेत्राचा फरक पडतो. हेक्टरी ७५ किलोप्रमाणे सुमारे ३४ किलो बियाणे विनाकारण विकत घ्यावे लागेल.

शेवटीच पूर्णांक करावा

२ एकर ३० गुंठ्यांचे तीन समान वाटे करताना २.७५ ÷ ३ = ०.९१६६... असे उत्तर येते. ते मध्येच ०.९ केल्यास प्रत्येक वाटा ३६ गुंठे होतो व एकूण २ गुंठे हिशेबातून नाहीसे होतात. खरा वाटा ३६ पूर्णांक दोन तृतीयांश गुंठे आहे. म्हणून यंत्रावरील आकडा तसाच पुढे न्यावा आणि अखेरीसच जवळचा आकडा घ्यावा.

१९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने उत्पादक कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा पाठही शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरून द्यावा आणि यंत्राचे उत्तर तोंडी अंदाजाशी ताडून मगच बियाण्याची मागणी नोंदवावी.