जुनें वस्त्र कोणास व कसें द्यावें?

वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४२

दिवाळी सरली म्हणजे आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात व हिंवाळा उसाच्या फडाजवळ कोप्यांत काढितात. त्यांच्या लेंकरांकरितां मंडळ्यांतून जुने कपडे गोळा करणें हें चांगलें काम होय. परंतु गाठोडें सोडून पाहावें तों बटणें तुटलेले सदरे, विटलेल्या चड्ड्या, आणि लग्नांत एकदां नेसलेली जरीची साडी! जें बोहारीण घेईना तें आम्हीं देवाच्या नांवानें दिलें, असा त्याचा अर्थ होतो. बोहारीण तरी कपड्याचें मोल जाणते. घासाघीस करून कां होईना, ती त्याबद्दल भांडें देते.

टबीथा मरण पावली तेव्हां विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या व तिनें केलेलीं वस्त्रें त्यास दाखवूं लागल्या. तिचें एकही भाषण तेथें लिहिलेलें नाहीं, कपडे मात्र लिहिलेले आहेत. बरें, ते अंगावरून उतरलेले नव्हते, तिनें स्वतः केलेले होते. वस्त्र करणारीस माप पाहावें लागतें, आणि माप पाहावयाचें म्हणजे विधवेच्या दारीं जावें लागतें. जुना कपडा देणारानेंही तितकें करावें.

१९०२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एडगर हेल्म्स नांवाच्या मेथोडिस्ट पाळकानें श्रीमंतांच्या घरून जुने कपडे व सामान जमविलें, गरिबांस मजुरी देऊन तें दुरुस्त करविलें व अल्प किंमतीस विकलें. धर्मकार्यांत विक्री कसली, असें म्हणून आमचे कांहीं बंधु नाक मुरडितील. परंतु पांच रुपये देऊन सदरा घेणारा मनुष्य दहांतून एक निवडितो, नको तो परत ठेवितो, आणि कोणाच्या उपकाराचें ओझें घेऊन घरीं जात नाहीं.

आपल्या देशांत अंशु गुप्ता यांनीं १९९९ सालीं ६७ कपड्यांनिशीं ‘गूंज’ संस्थेचें काम आरंभिलें. तिच्या योजनेंत गांवकरी आपल्याच गांवची विहीर खणतात, रस्ता नीट करितात, व त्या श्रमाबद्दल कपडे घेतात. जीर्ण सुती कापडही तेथें वायां जात नाहीं. तें धुऊन व कापून स्त्रियांच्या मासिक पाळीकरितां घड्या करितात. हा विषय सभेंत काढण्यास आपण पुरुष लाजतों. तर उपदेशकांनीं तो आपल्या पत्नीकडून काढवावा.

कपडे धुवावे, बटणें लावावीं, पुरुषांचे, बायकांचे व मुलांचे वेगळे करून बाजेवर मांडावे, म्हणजे ज्याचें त्यास निवडतां येईल. फाटक्या लुगड्यांच्या वाकळा शिवाव्या. ही विद्या आपल्या आयाबायांस कोणी शिकवावयास नको, पण त्यांस शिवणावळ अवश्य द्यावी. जो पैसा येईल तो दोऱ्यास व शिवणावळीस लावावा. नांवें पुकारून कपडे वाटूं नयेत. हें सर्व दसऱ्याच्या सुमारास उरकावें, म्हणजे फडावर निघणारांस पांघरूण बरोबर नेतां येईल.