भूल देण्यापूर्वीचा एक प्रश्न

भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षांच्या सेवेत जो प्रश्न मी हजारो रुग्णांना विचारला, तो एका प्रसंगी नीट विचारला नाही, याची रुखरुख निवृत्तीनंतरही मनातून गेलेली नाही. ती हकीकत इतरांच्या उपयोगी पडावी एवढ्याच हेतूने येथे नमूद करीत आहे.

नडगीचे हाड मोडलेला एक धडधाकट तरुण शस्त्रक्रियेसाठी आला होता. पाठीत सुई टोचण्याच्या भीतीने त्याने पूर्ण भुलेचा आग्रह धरला. "घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का?" या माझ्या प्रश्नावर त्याची आई "नाही, डॉक्टरसाहेब" म्हणाली आणि तेवढी नोंद करून मी पुढे गेलो. स्नायू सैल पाडणारे सक्सिनिलकोलिन दिल्यावर जबडा सैल पडावयाचा, तो उलट आवळला. मी त्याकडे दुर्लक्ष करून मोठ्या कष्टाने नळी घातली आणि सेव्होफ्लुरेन वायू सुरू केला. पंधरा मिनिटांत नाडी 140 झाली, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आकडा 38 वरून 70 च्या पुढे गेला आणि श्वास वाढवूनही उतरेना; भूलयंत्रावरील, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमच्या डब्याला हात लागला तो चटका बसला, आणि तापमापक मात्र अजून 37.6 अंशच दाखवीत होता.

हे का घडत होते, ते असे. निरोगी स्नायुपेशीत कॅल्शियम एका अंतःकोशात साठविलेले असते; मज्जातंतूची आज्ञा येताच 'रायनोडीन' नामक द्वार क्षणभर उघडते, कॅल्शियम बाहेर येऊन स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच ते परत आत ओढले जाऊन तो सैल होतो. ज्यांच्या जनुकात उपजत दोष असतो, त्यांच्या पेशींतील हे द्वार हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारख्या वायूंच्या किंवा सक्सिनिलकोलिनच्या संपर्काने उघडे राहते. मग स्नायू ताठरतो, कॅल्शियम आत ओढण्याच्या अखंड खटाटोपात पेशीची ऊर्जा जळून जाते, प्राणवायू अपुरा पडतो, आणि उष्णता, आम्ल व कार्बन डायऑक्साइड यांचा लोंढा उसळतो. अखेरीस पेशी फुटून त्यातील पोटॅशियम हृदयाच्या आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांच्या मुळावर येते.

हे ध्यानात येताच मी वायू तत्काळ बंद केला, शुद्ध प्राणवायू दिला, काखेत व जांघेत बर्फ ठेवला. यावरचे खरे औषध डॅन्ट्रोलीन. ते आमच्या कपाटात नव्हते, दुसऱ्या रुग्णालयातून आणवावे लागले. प्रत्येक किलो वजनास अडीच मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण. एका बाटलीत अवघे 20 मिलिग्रॅम, तेही 60 मिलिलिटर पाण्यात हलवून विरघळवायचे, म्हणजे साठ किलोच्या माणसास पहिल्याच मात्रेला आठ बाटल्या! त्या रात्री त्याची लघवी काढ्यासारखी काळपट झाली होती. सुदैवाने मूत्रपिंडे शाबूत राहिली आणि तो वाचला.

दुसऱ्या दिवशी त्याचे चुलते म्हणाले, "आमची धाकटी बहीण लहानपणी टॉन्सिलच्या ऑपरेशनात टेबलावरच गेली, पण तो तिचा भोग, त्यात भुलेचं काय?" त्या माऊलीने खोटे सांगितले नव्हते, ती नणंद गेली तेव्हा या माऊलीचे लग्नही झाले नव्हते. प्रश्न मीच अपुरा विचारला होता.

1960 साली मेलबर्नच्या डॉ. डेनबरो यांनी या विकाराचा पहिला स्पष्ट दाखला प्रसिद्ध केला, त्यातही पाय मोडलेला एक तरुणच होता. परंतु भुलेत आपले दहा नातलग दगावल्याचे त्याने स्वतः सांगितले होते, आणि त्या जबानीतूनच विकाराचे आनुवंशिक स्वरूप उघड झाले. हा दोष पालकांपैकी एकात असला, तरी प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आणि पूर्वीची भूल सुखरूप पार पडली, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की 'घरात' न म्हणता आईकडचे व वडिलांकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी असे एकेक नाते घेऊन विचारावे. जबडा आवळला वा कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढू लागला, तर तापाची वाट पाहू नये, कारण ताप बहुधा मागाहून चढतो. आणि डॅन्ट्रोलीन जवळात जवळ कोठे मिळेल, याची तजवीज आधीच करून ठेवावी. अशा कुटुंबातील माणसाला प्रोपोफोल किंवा जागा बधिर करण्याची औषधे निर्धोकपणे देता येतात. तेव्हा भुलेच्या धास्तीने कोणी शस्त्रक्रिया टाळू नये.

आणि वाचकहो, आपल्या कुळात कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावले असेल, तर तो नशिबाचा भोग मानून गप्प राहू नका. ती गोष्ट मुलाबाळांना सांगा, कागदावर लिहून ठेवा आणि भूलतज्ज्ञाने विचारले नाही, तरी त्याच्या कानी घाला.