क्वायर बसवणाऱ्या भाचीसाठी

पोरी, सदरच्या चर्चमधल्या क्वायरकडून संगीतकार टॅलिसचं ‘ते लूचिस आन्ते तेर्मिनुम’ बसवून घ्यायचं म्हणतेस, हौस चांगली आहे. झोपण्याआधीच्या प्रार्थनेचं लॅटिन गीत, कडवी तीनच. छोटं म्हणून सोपं वाटतं, तिथेच गंमत होते.

१. आधी नोटेशन मिटव आणि नुसते शब्द म्हणून घे. ओळीत आठ अक्षरं, अनुष्टुभाच्या चरणाइतकी — ती तोंडात बसली की अर्धी तालीम फुकटात झाली.

२. पहिलं आणि तिसरं कडवं सगळ्यांनी एकाच जुन्या चालीत म्हणायचं. १५७५ च्या संग्रहात टॅलिसने पाच आवाजांत बांधलं ते मधलं. पण सगळा वेळ त्या मधल्यावर घालवू नकोस — पाच आवाजांत चूक लपते, एका चालीत कोण मागे राहिलं ते शेवटच्या बाकावरही कळतं.

३. मधल्या कडव्यात वाईट स्वप्नं दूर ठेव, अशी विनवणी आहे. म्हणून कुजबुजत भुताटकी करायची नाही — मागणं मागताना आवाज घट्टच हवा.

४. हार्मोनियमवर सूर दे आणि हात काढून घे. तालमीत मात्र प्रत्येक कडव्यानंतर पट्टी दाबून तपास — साथ नसली की क्वायर खाली सरकते, आणि बासवाल्यांना बरंच वाटत असल्याने ते बोलत नाहीत. सूर उतरतो चोरपावलांनी, चढवावा लागतो चारचौघांत.

५. श्वास शेजारणीशी ठरवून, आळीपाळीने — दोघींनी एकदम दम खाल्ला की गाणं उघडं पडतं.

६. ‘लूचिस’ की ‘लूकिस’, हा वाद पहिल्याच दिवशी मिटवा. दोन्ही चालतात, मिसळलेलं चालत नाही.

७. उन्हाळ्यात एक तालीम कूलर बंद करून घेच. घामाघूम होऊन कुरकुर करतील, करू देत — कूलरच्या घोंघाटात जो तो वाजवीपेक्षा मोठ्याने गातो, आणि रविवारी वीज गेली की स्वतःच्याच आवाजाला दचकतो.

८. एखाद्या ज्येष्ठ कॅथलिक आजोबांना तालमीला बोलाव, चहा आधी दे. १९६२–६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत आली — त्याआधीचं लॅटिन कानात असलेली माणसं आता थोडीच उरलीत. अँग्लिकन घरातलं जुनं इंग्रजी गीतपुस्तकही चाळ. जॉन मेसन नील यांचा अनुवाद त्यात सापडला तर मुलांना अर्थ सांगायला बरा.

९. बाल्फर गार्डिनर यांनी १९०८ मध्ये हेच शब्द ऑर्गनसह मोठ्या थाटात बांधलेत, ते लगेच काढू नकोस — त्याला दमदार टेनर लागतात. आपल्याकडे दोन, त्यातला एक पावसाळाभर बसलेला घसा घेऊन येतो.