शाळेनंतरचा प्रश्न आणि कलेचे उत्तर

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी विशेष शाळा असतात. परंतु शाळेचे वय संपल्यावर पुढे काय, या प्रश्नाने अनेक कुटुंबे चिंतित असतात. अमेरिकेतील ओकलंड येथे फ्लोरेन्स लुडिन्स-कॅट्झ व एलियास कॅट्झ या दांपत्याने १९७४ मध्ये स्थापन केलेले 'क्रिएटिव्ह ग्रोथ' हे कलाकेंद्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. येथे प्रौढ दिव्यांग चित्रकला, मातीकाम, धागाकाम करतात. मार्गदर्शक साहित्य व तंत्र पुरवितात. काय घडवावे, हे मात्र कलावंतच ठरवितो. विक्रीतील वाटाही त्यास मिळतो.

जुडिथ स्कॉट (१९४३–२००५) यांना डाउन सिंड्रोम होता व ऐकू येत नव्हते. सुमारे ३५ वर्षे संस्थांत काढून १९८७ मध्ये त्या केंद्रात आल्या. जवळजवळ दोन वर्षे त्यांनी कशातच रस घेतला नाही. केंद्राने धीर धरला. पुढे धागे हाती आले आणि वस्तूंभोवती ते गुंडाळून त्यांनी घडविलेली शिल्पे वस्तुसंग्रहालयांत पोहोचली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ अन्वये दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाच्या हक्काचे संवर्धन करणे हे शासनाप्रमाणेच स्थानिक प्राधिकरणांचेही कर्तव्य आहे. समाजमंदिरातील एक खोली, माती, रंग, सूत आणि घाई न करणारा मार्गदर्शक एवढ्यावरही पंचायतीस प्रारंभ करता येईल.