कोंबडीच्या पिल्लाला जंतू कोण देते?

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून गावाच्या दिशेने चालू लागलात, तर एखाद्या अंगणात खुडूक उतरलेली कोंबडी आणि तिची सात-आठ पिल्ले तुम्हांला अजूनही दिसतील. बाजूला जवळा वाळत घातलेला असतो, त्यावरही तिचा डोळा असतोच. आई जिथे चोच मारील तिथे पिल्लू चोच मारते. मातीत, शेणात, आईच्या विष्ठेतसुद्धा! किळस वाटली ना? पण त्या चोचीबरोबर पिल्लाच्या पोटात एक मोलाची वस्तू जाते, ती म्हणजे आईच्या आतड्यातील जंतू.

आता ब्रॉयलरचे पिल्लू पाहा. ते २१ दिवसांनी यंत्रात अंडे फोडून बाहेर येते आणि खोक्यात बसून पोल्ट्रीच्या शेडमध्ये, भाताच्या तुसाच्या गादीवर जाऊन पडते. आई त्याला कधी दिसतच नाही. त्या दिवशी त्याचे वजन असते सुमारे ४० ग्रॅम, आणि पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलो व्हायचे असते. म्हणजे पन्नासपट! तीन किलोचे तान्हे बाळ दीड महिन्यात दीडशे किलोचे झाले, अशी कल्पना करून पाहा.

एवढी वाढ मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर होते. पोल्ट्रीवाल्याचा सर्वांत मोठा खर्च याच खाद्याचा. म्हणून एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले, याकडे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. दहा पक्ष्यांनी मिळून ३२ किलो खाद्य खाल्ले आणि वजन २० किलोंनी वाढले, तर हिशेब १·६ चा. हा आकडा खाली आणण्यासाठीच खाद्यात नाना वस्तू मिसळल्या जातात.

१९४८ साली अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड हे शास्त्रज्ञ पिल्लांना ब-१२ जीवनसत्त्व पुरवण्याचा स्वस्त मार्ग शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा त्यांनी खाद्यात घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली! चोथ्यात उरलेल्या प्रतिजैविकाचा तो प्रताप होता. ते काम करते जंतूंवरच. हे कशावरून? संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना प्रतिजैविक देऊन पाहिले, तेव्हा त्यांची वाढ जास्त झाली नाही.

मग जगभर खाद्यात प्रतिजैविके पडू लागली. पण थोड्या मात्रेत रोज औषध मिळाले, की त्याला न जुमानणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. ते माणसापर्यंत पोचले, तर दवाखान्यातले तेच औषध निकामी! स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, युरोपीय संघाने २००६ मध्ये. कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या हातातले अगदी शेवटचे शस्त्र. पशुखाद्यातील त्याच्या वापरावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली.

तेव्हा दुसरा मार्ग कोणता? तो अंगणातल्या कोंबडीनेच दाखवला, असे मला वाटते. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य पाजले आणि नंतर साल्मोनेला हे रोगजंतू दिले. बहुतेक पिल्लांना बाधा झाली नाही. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी, तशी चांगल्या जंतूंनी आतड्यातली जागा आधीच धरली होती! आज खाद्यात किंवा पाण्यात जिवंत उपकारक जंतू मिसळतात, त्यामागचे तत्त्व हेच. दह्यातल्या जंतूंचे भाईबंद त्यांत असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आम्लात साल्मोनेलाचे फावत नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंचेही प्रयोग झाले आहेत. लसूण ठेचली, की तिच्यातली दोन द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन हे जंतुनाशक तयार होते. अख्ख्या पाकळीत ते नसते. हळदीतले कुरकुमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. औषध म्हणून ही उणीवच, पण काम आतड्यातच असेल तर ती अडचण राहत नाही. मग अलिबागचा पांढरा कांदा? २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोड लागतो, कारण त्यात तिखटपणा आणणारी गंधकयुक्त द्रव्ये कमी. म्हणजे खायला उत्तम, पण या कामाला बहुधा लेचापेचा! आणि खारवलेली सुकट भरमसाट घालू नये. जादा मीठ पिल्लांना सोसत नाही.

या वनस्पतींचे निकाल मात्र एकसारखे येत नाहीत. कुठे वजन वाढते, कुठे काहीच फरक पडत नाही, आणि मात्रा जास्त झाली तर चव बिघडून पक्षी खाद्य टाकतात. स्वच्छ शेडमध्ये मुळात रोगजंतूच कमी, तर तिथे हळदीने फरक तो काय पडणार? म्हणून ‘आम्ही हळद घातली आणि कोंबड्या वाढल्या’ असे कोणी सांगितले, तर विचारा, न घातलेल्या किती वाढल्या? एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांचे दोन गट हवेत, दोन्हींना तेच खाद्य, तेवढीच जागा, फक्त एकाला हळद. दर आठवड्याला वजन आणि खाल्लेले खाद्य मांडायचे. गट पाडताना नर-मादी सारखे वाटून घ्यायला विसरू नका. नर जास्त भराभर वाढतात. एका गटात तेच जास्त आले, तर हळदीला फुकटचे श्रेय मिळेल.