परदेशातला तांबडा रस्सा, धान्याच्या कणाशिवाय

परदेशात नव्याने आलेली मंडळी जुन्या मराठी कुटुंबांना हमखास विचारतात, इथे रविवारचा कोंबडीचा रस्सा कसा जमवायचा? घरात कुणाला गहू सोसत नसेल किंवा कुणी धान्यच सोडलं असेल, तर त्यांना तो चालेल का, हा पुढचा प्रश्न. चालतो. कोल्हापुरी तांबड्या रश्शाचा दाटपणा वाटणातून येतो, त्याला पीठ लागतच नाही. म्हणून सगळं लक्ष वाटणाकडे द्या. अमेरिका, ब्रिटन, आखात, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातल्या घरांमधले सल्ले इथे एकत्र दिले आहेत.

मसाले आणताना

कांदा-लसूण मसाला घरून आणणं उत्तम. मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना सोबतचे खाद्यपदार्थ फॉर्मवर जाहीर करावे लागतात, नाहीतर दंड होऊ शकतो. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. चिमूटभरही सामानात ठेवू नका. तिथली घरं वाटणात तीळ वाढवतात.

धान्य लपून येतं ते हिंगातून. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तयार मसाल्यात हिंग असेल, तर तो कोणता हे कळायला मार्ग नसतो. घटकांची यादी वाचा, शंका आली तर हिंगाशिवायचा मसाला वापरा. रश्शात लसूण भरपूर असतो, हिंगावाचून अडत नाही.

कोंबडी

सुपरमार्केटात आधी नजरेस पडतात ते छातीचे बिनहाडाचे तुकडे. ते रश्शाला नकोत, लगेच कोरडे होतात. मांडी आणि तंगडी हाडासकट घ्या. हलाल खाटकाला सांगितलं, की तो कातडी काढून रश्शाचे तुकडे करून देतो. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, असं ब्रिटनची सरकारी अन्नसुरक्षा संस्था सांगते. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

कृती (चौघांसाठी)

1 किलो कोंबडीला मीठ, हळद, 2 चमचे आलं-लसणाचं वाटण आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

वाटणासाठी 2 मोठे कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परता. 1 वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, 2 चमचे तीळ, 4 लवंगा, 8 मिरे आणि दालचिनीचा तुकडा वेगवेगळे भाजा. भारतीय दुकानात खोबऱ्याच्या वाट्या मिळतात. न मिळाल्या तर बिनसाखरेचा कीस चालतो. खोबरं बदामी झालं की लगेच उतरवा, करपलं तर रस्सा कडू होतो. यात 8 लसूण पाकळ्या, आलं, मूठभर कोथिंबीर घालून अगदी गुळगुळीत वाटा. भरड राहिलं तर पाणी आणि वाटण वेगळं दिसतं.

जाड बुडाच्या पातेल्यात 4 मोठे चमचे तेल तापवून वाटण मंद आचेवर परता. कडेने तेल सुटेपर्यंत धीर धरा. तर्री इथेच ठरते. मग आच कमी करून 3 चमचे कांदा-लसूण मसाला घाला. तो नसेल तर रंगाला काश्मिरी तिखट, झणझणीतपणाला साधं तिखट आणि सोबत थोडा गरम मसाला. कोंबडी घालून पाच मिनिटं परता आणि 1 लिटर कडकडीत गरम पाणी ओता. गार पाण्याने उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही.

इथली कोंबडी कोवळी असते. गावठीसारखा वेळ लागत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर 30 मिनिटं पुरतात. मांस आतून 74 अंश सेल्सिअसला पोहोचलं की शिजलं समजा.

धुराचा गजर

भाजताना खिडकी उघडा, पंखा आधी लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा. गजरावर पिशवी बांधू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे. खोबरं ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर, हलवत भाजलं तर धूर जवळजवळ होत नाही.

सोबत काय

भाकरी आणि भात धान्यच. वरईही धान्यच, उपवासाला चालत असली तरी. धान्य न खाणाऱ्यांना उकडलेली रताळी, रश्शातच शिजवलेला बटाटा किंवा शिंगाड्याच्या पिठाची थालीपीठं द्या. रताळ्याची गोडी तिखटाला छान तोलते.

उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. वाटण मात्र जास्तच करून बर्फाच्या साच्यात गोठवा. मग कामाच्या दिवशीही तासाभरात रस्सा ताटात येतो आणि घरातल्या प्रत्येकाला एकाच पातेल्यातलं जेवता येतं.